जुना फ्रिज नऊ दिवसांत बिघडला, विक्रेता म्हणतो ‘मुदत संपली’: आता काय करायचं?

प्रश्न असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी नाशिकला राहणाऱ्या आई-वडिलांसाठी एका ऑनलाइन मार्केटप्लेसवरून १४,५०० रुपयांना रिफर्बिश्ड, म्हणजे जुना पण दुरुस्त करून विकायला ठेवलेला, डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रिफर्बिश्ड, ओरिजिनल कॉम्प्रेसर, पूर्ण तपासलेला, सहा महिने वॉरंटी’. नऊ दिवस फ्रिज उत्तम चालला. दहाव्या दिवशी खालच्या कप्प्यातलं दूध नासलं, वर बर्फ मात्र जमतच होता. गल्लीतल्या मेकॅनिकने मागचं कव्हर काढून ‘गॅस गेलाय, कॉम्प्रेसरपण बदललेला दिसतोय’ असं सांगितलं आणि गॅस भरायचे पैसे सांगितले. विक्रेत्याचं उत्तर: परतीची ७ दिवसांची मुदत संपली, शिवाय बाहेरच्या माणसाने हात लावल्यामुळे वॉरंटी रद्द. मार्केटप्लेस म्हणतं, आम्ही फक्त मध्यस्थ. बिलाच्या तळाशी छापलंय, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पैसे परत मिळतील का?

मी बरीच वर्षं फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीत काढली. आता ग्राहकांच्या तक्रारींसाठी तांत्रिक अहवाल लिहून देतो. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे, फक्त पुढच्या काही दिवसांत ती तुमच्याच हातून कमकुवत होऊ देऊ नका.

सगळ्यात आधी, गॅस भरून घेऊ नका. आई-वडिलांची अडचण मला कळते, फ्रिजवाचून दूध-भाजीचे हाल होतात. पण गॅस भरायचा म्हणजे पाइप कापायचा, फिल्टर बदलायचा, नवीन ब्रेझिंग (पाइपांचे सांधे धातू वितळवून जोडणं) करायचं. एकदा ते झालं की फ्रिज घरी आला तेव्हा आत काय होतं हे कोणालाच सांगता येणार नाही. जुन्या वस्तूच्या वादात बिघाड आहे एवढं दाखवून भागत नाही, तो विकतानाच होता हे दाखवावं लागतं. विक्रेता नेमका तिथेच बोट ठेवतो: ‘आमच्याकडून चांगला गेला, तुमच्याकडे बिघडला.’

दुसरं, गॅस गेलाय या निदानाबद्दल मला शंका आहे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची केस इथेच उभी राहते.

फ्रॉस्ट-फ्री डबल डोअर फ्रिजच्या बहुतेक मॉडेलमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड लपलेल्या कॉइलवर. तिथला पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये आणि एका मार्गाने खालच्या कप्प्यात ढकलतो. दार उघडलं की दमट हवा आत येते आणि तो ओलावा बर्फ होऊन कॉइलवर बसतो. तो वितळवण्यासाठी कॉइलपाशी एक हीटर असतो, जो ठरावीक वेळाने आपोआप चालू होतो. यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. हा हीटर जळाला किंवा त्याचा सेन्सर, थर्मल फ्यूज यांपैकी काही गेलं, तर बर्फ वितळत नाही. थरावर थर चढतो, कॉइलच्या फटी बुजतात आणि हवेची वाट बंद होते. मग वर बर्फ असतो आणि खाली कोमट. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं अगदी हीच आहेत. गॅस कमी झाला असता तर फ्रीझरही ढिला पडला असता, आइस्क्रीम मऊ झालं असतं आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत राहिला असता.

आता त्या नऊ दिवसांकडे बघा. डीफ्रॉस्ट बंद पडलेला फ्रिज कोरडा करून चालू केला की पहिले काही दिवस एकदम व्यवस्थित चालतो. कॉइल बुजायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. गोदामात फ्रिज बंद पडून असतो, त्यात साठलेला बर्फ वितळून जातो, गिऱ्हाईकाला चालू करून दाखवला की अर्ध्या तासात गारवा येतो, व्हिडिओ छान निघतो. त्यामुळे ‘आमच्याकडे चालत होता’ हे विक्रेत्याचं म्हणणं कदाचित खरंही असेल. पण पूर्ण तपासलेला फ्रिज याचा अर्थ डीफ्रॉस्टही तपासलेला असायला हवा, आणि हीटरची तपासणी मीटर लावून काही मिनिटांत होते. तपासणीत हेच निघालं, तर दहाव्या दिवशी दिसलेला बिघाड पहिल्याच दिवशी आत होता असं म्हणायला सबळ आधार मिळतो. ७ दिवसांची मुदत अशा बिघाडाला पुरतच नाही, हेही त्यातून दिसतं.

म्हणून आता एकच खर्च करा: त्या फ्रिजच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून व्हिजिट बुक करा. कंपनीची वॉरंटी संपलेली असली तरी ते व्हिजिट चार्ज घेऊन येतात. त्यांच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची नाही, फक्त तपासणी आणि जॉब शीट, म्हणजे काय तपासलं त्याचा लेखी कागद, घ्यायची. हा कागद तुमचाही नाही आणि विक्रेत्याचाही नाही, म्हणून त्याला वजन आहे. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, दोन्ही कप्प्यांचं तापमान, कॉइलची अवस्था, हीटर आणि सेन्सर मीटरवर काय दाखवतात आणि कॉम्प्रेसर मूळचा आहे की नाही, हे लिहून मागा. ‘कूलिंग नाही, गॅस प्रॉब्लेम’ अशी एक ओळ घेऊन त्यांना जाऊ देऊ नका. फ्रीझरचं पॅनेल काढताना फोनवर सलग व्हिडिओ घ्या: आधी फ्रिजचा सिरियल नंबर दाखवा, मग कॅमेरा बंद न करता कॉइल. कॉइल वरपासून खालपर्यंत बर्फाने भरलेली दिसली तर डीफ्रॉस्टचा बिघाड. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. तोपर्यंत ‘बर्फ वितळवून बघू’ म्हणून फ्रिज बंद करून दारं उघडी टाकू नका, नाहीतर दाखवायलाच काही उरणार नाही.

कॉम्प्रेसर बदलल्याचा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो तुम्ही स्वतःही पडताळू शकता. फ्रिजच्या आत बाजूला किंवा मागे एक रेटिंग प्लेट असते. त्यावर गॅसचं नाव आणि तो किती ग्रॅम भरलाय ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ आर ६००ए. आता प्लग काढा, मागे खाली कॉम्प्रेसरवरचं लेबल टॉर्च लावून वाचा. तिथे आर १३४ए असं दुसऱ्याच गॅसचं नाव लिहिलं असेल तर तो कॉम्प्रेसर या फ्रिजचा मूळचा नाही, विषय संपला. गॅसचं नाव जुळलं तरी कॉम्प्रेसरमधून निघालेल्या आखूड पाइपाचं टोक बघा. कारखान्यातून आलेल्या फ्रिजमध्ये ते चेपून नीट सील केलेलं असतं. बाहेर काम झालं असेल तर तिथे बहुधा चार्जिंग व्हॉल्व्ह (गॅस भरायची झडप) लावलेला दिसतो, शेजारी नवा कोरा तांब्याचा फिल्टर असतो आणि मागच्या पत्र्यावर ज्योतीचा काळा डाग. या तिन्हींचे जवळून फोटो घ्या.

इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे. आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील वायू. जे फ्रिज त्याच्यासाठी बनवलेले असतात त्यांत ठिणगी पडू नये म्हणून विजेचे भाग त्या बेताने बसवलेले असतात. आर १३४ए साठी बनलेल्या फ्रिजमध्ये कोणी स्वस्तात आर ६००ए भरला असेल, तर तो फ्रिज घरात ठेवायच्या लायकीचा नाही. उलट्या अदलाबदलीत आगीचा धोका तसा नसतो, पण थंडावा कमी, वीजबिल जास्त आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य थोडं. प्लेट आणि कॉम्प्रेसर यांवरचे गॅस वेगवेगळे निघाले तर मोफत दुरुस्तीची ऑफर स्वीकारू नका, फ्रिज परत आणि पैसे परत यावरच ठाम राहा. गॅसची यंत्रणा मूळचीच निघाली आणि फक्त हीटर गेलेला असेल, तर लेखी हमीसह दुरुस्ती करून घेणं शहाणपणाचं आहे. त्या बिघाडापायी चांगला फ्रिज सोडून देऊ नये.

आता कायदा. ‘जुनी वस्तू घेतली, आता तक्रार कसली’ असं आपल्याकडे सर्रास ऐकवलं जातं आणि लोक मुकाट्याने ऐकून घेतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे तिच्यात कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जाबरोबरच विक्रेत्याने कोणत्याही रीतीने जो दावा केला असेल तोही मोजमाप म्हणून धरलेला आहे. तुमचा फ्रिज नव्या फ्रिजसारखा असावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. तो विक्रेत्याने लिहिला तसा असावा, एवढंच म्हणणं आहे. त्याने ‘ओरिजिनल कॉम्प्रेसर’ लिहिलं आणि निघाला दुसरा, तर दोष तिथेच सिद्ध होतो, मग फ्रिज किती थंड करतो हा प्रश्न दुय्यम. म्हणून आजच्या आज त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा, वरचा पत्ता आणि तारीख दिसेल असे. अशी पानं तक्रार झाल्यावर बदलतात किंवा गायब होतात.

परतीच्या मुदतीचं म्हणाल तर ७ दिवस हे त्या मार्केटप्लेसचं धोरण आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलावरच्या छापील ओळीचंही तेच. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं ही कायद्याच्या व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे तुमची पहिली लेखी तक्रार खरेदीपासून ३० दिवसांच्या आत गेलेली बरी. फोनवर झालेलं बोलणं धरू नका, ईमेल करा.

‘बाहेरच्या माणसाने हात लावला’ या सबबीला घाबरू नका, पण ती हलक्यातही घेऊ नका. मेकॅनिकने फक्त कव्हर उघडून बघितलं असेल, काही कापलं किंवा बदललं नसेल, तर तसं त्याच्याकडून चार ओळींत लिहून सही घ्या. बघण्याने हीटर जळत नाही आणि कॉम्प्रेसरचं लेबलही बदलत नाही. वॉरंटीच्या अटी विकण्याआधी तुम्हाला दाखवल्या होत्या का, हेही विक्रेत्याला विचारा. बऱ्याचदा त्या कुठेच लिहिलेल्या नसतात.

मार्केटप्लेसचा ‘आम्ही मध्यस्थ’ हा पवित्रा अर्धवट खरा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने मध्यस्थांना काही संरक्षण दिलंय, पण ते बिनशर्त नाही. शिवाय ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. तुम्ही लेखी मागितलंत तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ताही त्यांना द्यावा लागतो. तो पत्ता पहिल्याच ईमेलमध्ये मागून घ्या, पुढे नोटीस पाठवायला तोच लागतो. चॅटवरच्या कस्टमर केअरशी भांडण्यात लोकांचे आठवडे जातात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल साइटवर असायलाच हवं, ते शोधा आणि तिथेच लिहा.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती मध्यस्थी करते. तरीही करा, कारण अनेक विक्रेते इथेच नरमतात आणि तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते. मग स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस पाठवा. वकील लागत नाही. काय घेतलं, जाहिरातीत काय होतं, तपासणीत काय निघालं, काय हवंय आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढं एका पानात मावतं. शिव्या-धमक्या, ‘पोलिसात देतो’, सोशल मीडियावर बदनामी, यातलं काही नको. विक्रेता पैसे घेऊन पसार झाला असता तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर होता. इथे माणूस जागेवर आहे आणि माल सदोष आहे. पोलीस याला दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील.

नोटिशीने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण एवढं थांबू नका. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. बिल तुमच्या नावावर असेल तर तक्रारदारही तुम्हीच. विक्रेता कुठल्याही राज्यातला असला तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे दाखल करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिलाय, म्हणजे पुणे चालेल. फ्रिज नाशिकला पोचला आणि तिथेच बिघडला, त्यामुळे नाशिकही चालेल. मी नाशिक सुचवेन. आयोगाने तपासणीचा आदेश दिला तर फ्रिज जिथे आहे तिथलं काम सोपं जातं, आणि सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो. विरुद्ध बाजूला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकालासाठी कायद्याने तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, याची मनाची तयारी ठेवा.

मागणी वाजवी ठेवा: फ्रिजची किंमत, वाहतूक, व्हिजिट चार्ज, नासाडीबद्दल आणि त्रासाबद्दल माफक भरपाई, तक्रारीचा खर्च. १४,५०० च्या फ्रिजसाठी दोन लाख मागितले की तडजोडीची दारं बंद होतात. मसुदा दाखवायचा असेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांचे कार्यकर्ते आपुलकीने मदत करतात.

पुराव्याचं महत्त्व का सांगतोय त्याचं एक उदाहरण देतो. चिंचवडच्या एका ताईंनी अशीच रिफर्बिश्ड फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतली होती. दुसऱ्या महिन्यात ड्रम खडखडायला लागला. विक्रेता म्हणाला, तुम्ही ओव्हरलोड केलं. ड्रम काढला तर मागची तीन पायांची अॅल्युमिनियमची पट्टी, जिला आम्ही स्पायडर म्हणतो, एका पायात तुटलेली, आणि तुटलेल्या जागी पांढरी भुकटी आत खोलवर गेलेली. ताज्या तुटीत धातू चकचकीत दिसतो. इतकी खोल गंज दोन महिन्यांत होत नाही, त्याला साबणाच्या पाण्यात काही वर्षं जावी लागतात. तो फोटो आणि त्याखाली दोन ओळींचा अहवाल नोटिशीला जोडला आणि विक्रेत्याने आयोगापर्यंत न जाता पैसे दिले. ताईंनी त्याआधी दुसऱ्या कोणाकडून ड्रम बदलून घेतला असता, तर तुटका स्पायडर भंगारात गेला असता.

तुमच्यासारखाच प्रश्न ज्यांनी वर्गीकृत जाहिरातीवरून एखाद्या कुटुंबाकडून वस्तू घेतली त्यांनाही पडतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. व्यवसाय म्हणून न करता घरातली एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत, आणि अशा माणसाविरुद्ध ग्राहक आयोगातही टिकाव लागणं कठीण. तिथे वस्तुविक्री कायदा, १९३० आणि करार कायदा, १८७२ यांच्या आधारे दिवाणी दावा उरतो, आणि पाच-दहा हजारांसाठी तो परवडत नाही. पण ‘बदली झाल्यामुळे विकणे आहे’ लिहिणारे सगळे घरगुती विक्रेते नसतात. त्याच नंबरवर आणखी काय विकायला आहे ते बघा. चार फ्रिज, तीन वॉशिंग मशीन आणि सगळ्या फोटोंत तीच फरशी दिसली तर तो व्यापारी आहे. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे नियमित व्यवसाय दाखवता येतो आणि ग्राहक कायद्याची वाट खुली होते.

परत तुमच्याकडे. विक्रेता आता कदाचित स्वतःचा माणूस पाठवेल. येऊ द्या, पण ‘चेक करायला नेतो’ म्हणून पीसीबी (सर्किट बोर्ड), सेन्सर किंवा दुसरा कुठलाही भाग सुटा नेऊ देऊ नका. आई-वडिलांना तसं आधीच सांगून ठेवा, वयस्कर माणसं संकोचाने हो म्हणतात. शक्य असेल तर तो येईल तेव्हा शेजारच्या कोणाला तरी बसवून ठेवा. आणि तडजोडीत फ्रिज परत न्यायचं ठरलं, तर पैसे खात्यात जमा झाल्यावरच तो घराबाहेर जाऊ द्या. नेणाऱ्याकडून सिरियल नंबर आणि कॉम्प्रेसरवरचा नंबर लिहिलेली पावती सहीनिशी घ्या. ‘आधी फ्रिज गोदामात येऊ द्या, तपासून मग रिफंड’ असं मार्केटप्लेसचं धोरणच असेल, तर उचलायच्या आधी तक्रार अधिकाऱ्याकडून ईमेलवर रक्कम आणि तारीख लेखी घ्या, आणि फ्रिज टेम्पोत चढेपर्यंतचा व्हिडिओ काढा. वाहतुकीत आडवा टाकून नेला आणि नंतर ‘तुमच्याकडून खराब आला’ असं म्हणाले, तर तो व्हिडिओ लागेल.